महाराजा सयाजीराव गायकवाड : राज्यसंस्था आणि उद्योगाची पायाभरणी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
- महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
- बडोदे संस्थानाने उद्योग, भांडवल आणि तंत्रशिक्षण यांसाठी केलेल्या प्रयत्नांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
- लोकभाषेतील शिक्षणाचा आर्थिक प्रगतीशी असलेला संबंध विशद करता येईल.
- आर्थिक नवप्रवर्तनात शासनाची भूमिका कोणती असावी, या प्रश्नाचा साधार विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटना कालक्रमाने सांगितल्या म्हणजे चरित्र पूर्ण होत नाही; त्या घटनांमागे कोणता प्रश्न उभा होता हेही चरित्रकाराला शोधावे लागते, याची तेथे आपण नोंद घेतली होती. ती नोंद मनाशी ठेवून प्रस्तुत घटकात आपण महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या जीवनाकडे पाहणार आहोत.

सयाजीरावांचे नाव तुम्ही अनेक संदर्भांत ऐकलेले असेल. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, मराठी ग्रंथकारांना दिलेला आश्रय, असे त्यांचे अनेक पैलू आहेत. येथे मात्र एकच सूत्र धरायचे आहे. नवी यंत्रे, नवी कौशल्ये, नवे उद्योग समाजात येतात ते कोणामुळे? व्यापारी आणि कारागीर यांच्या स्वतःच्या हिमतीने, की शासनाच्या पुढाकाराने? नवी वस्तू, नवी पद्धत किंवा नवी संस्था व्यवहारात आणून रुजविणे याला अर्थशास्त्रात नवप्रवर्तन म्हणतात. शासन हे नवप्रवर्तन घडवू शकते काय, हा वाद आजही मिटलेला नाही. सुमारे साठ वर्षांच्या आपल्या कारकिर्दीत सयाजीरावांनी या प्रश्नाची दोन-तीन वेगवेगळी उत्तरे करून पाहिली. त्यांपैकी काही फसली आणि काही टिकली. त्या फसण्याचा आणि टिकण्याचा हा वृत्तांत आहे.

२. कवळाण्याचा मुलगा, बडोद्याचा राजा

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याच्या दूरच्या शाखेतील. परंतु घरची राहणी शेतकऱ्याची होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळखही नव्हती.

याच सुमारास बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड कुळातील मुलांमधून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी ते सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर आले.

पुढील सहा वर्षे शिक्षणात गेली. इंग्रज शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास केला. राज्यकारभार तेव्हा दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. विस्कटलेला जमाखर्च मार्गी लावणे आणि खात्यांची घडी बसविणे हे काम त्यांनी केले. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा अठरा वर्षांच्या राजाला एक सावरलेले राज्य मिळाले होते.

या राज्याचे स्वरूप ध्यानात घ्या. बडोदे संस्थान सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत व सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते बनलेले होते. मध्ये मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने. राजा मराठी, दरबारी वर्ग बराचसा मराठी, तर प्रजा प्रामुख्याने गुजराती बोलणारी. उत्पन्नाचा मुख्य आधार जमीन महसूल होता. पाऊस हुकला की शेतकरी आणि सरकार दोघेही अडचणीत येत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने हे फार कठोरपणे दाखवून दिले. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांच्या आसपास उतरली. केवळ शेतीवर विसंबलेले राज्य किती असुरक्षित असते, हे या दोन आकड्यांतून दिसते. उद्योगधंद्यांचा प्रश्न सयाजीरावांच्या दृष्टीने प्रजेच्या जगण्याचा प्रश्न होता, तो यामुळे.

३. पहिला प्रयोग : सरकार हाच कारखानदार

त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारचे धोरण उद्योगांच्या बाबतीत बहुतांशी अलिप्ततेचे होते. कारखाने काढणे हे सरकारचे काम नव्हे, बाजारपेठ आपले आपण पाहून घेईल, असा त्यामागचा विचार. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा माल आटला, तेव्हा कोठे १९१६ मध्ये औद्योगिक आयोग नेमला गेला आणि १९१८ मध्ये त्याचा अहवाल आला. बडोद्यातील प्रयत्नांचा आरंभ मात्र त्याच्या तीन दशके आधीचा आहे.

तरुण सयाजीरावांना सुचलेला पहिला मार्ग सरळ होता. लोक कारखाने काढत नाहीत, तर सरकारने काढावेत. त्यानुसार बडोदे शहरात सरकारी भांडवलावर सूत-कापडाची गिरणी उभारण्यात आली. दक्षिणेकडे गणदेवी हा उसाचा टापू. तेथे साखरेच्या कारखान्याचा प्रयोग झाला. हेतू असा, की सरकारने वाट दाखविली म्हणजे सावकार आणि व्यापारी आपला पैसा त्याच वाटेने आणतील.

प्रत्यक्षात गणदेवीचा कारखाना टिकला नाही आणि गिरणी पुढे खासगी मालकांच्या हाती सोपविण्यात आली. असे का झाले असावे? यंत्रे विकत आणता येतात. ती चालविणारा, बिघडल्यास दुरुस्त करणारा, कच्चा माल पारखणारा आणि तयार मालाला गिऱ्हाईक शोधणारा माणूस मात्र पेटीत बंद करून मागविता येत नाही. महसूल आणि न्यायनिवाडा उत्तम सांभाळणारा अधिकारी कारखाना चालवू शकेलच असे नाही. बदली आणि बढती यांकडे लक्ष असलेला नोकर आणि नफ्यातोट्याचा धनी असलेला मालक यांच्या वृत्तीतही अंतर असते.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. जपानच्या मेइजी शासनानेही याच काळात आदर्श कारखाने काढले होते. तोमिओका येथील १८७२ ची रेशीम गिरणी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ती पुढे १८९३ मध्ये मित्सुई या व्यापारी घराण्याला विकण्यात आली. परंतु तोपर्यंत तेथे काम शिकलेल्या मुली आपापल्या गावी जाऊन इतर गिरण्यांत शिक्षिका झाल्या होत्या. म्हणजे कारखाना विकला गेला, तरी कौशल्य देशात उरले. बडोद्याच्या पहिल्या प्रयोगात उणीव होती ती नेमकी येथे.

आपल्या अपयशाविषयी सयाजीरावांनी मौन पाळले नाही, ही गोष्ट चरित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९०२ मध्ये अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी देशी धंद्यांच्या ऱ्हासाची चर्चा केली. त्या वेळी आपल्या राज्यातील फसलेल्या प्रयत्नांचा उल्लेख त्यांनी टाळला नाही. सत्ताधीशाने जाहीर सभेत स्वतःच्या चुकांचा हिशेब मांडावा, हे तेव्हाही विरळा होते.

स्वयं-अध्ययन : १
सरकारी गिरणी आणि साखर कारखाना या प्रयोगांतून कोणती उणीव उघड झाली? तोमिओकाच्या उदाहरणाशी तुलना करून पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. कलाभवन : कारागीर घडविणारी शाळा

दुसरा मार्ग पहिल्याच्या बरोबरीनेच सुरू झाला होता. परंतु त्याचे फळ उशिरा दिसले. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवनाची स्थापना झाली. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः कारागीर जातीत जन्मलेले असल्यामुळे हाताचे काम आणि पुस्तकी विद्या यांच्यातील दरी त्यांना जवळून ठाऊक होती.

कलाभवनात चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम आणि छपाई, वास्तुकला असे विषय शिकविले जात. त्या काळी नीळ, मंजिष्ठ अशा वनस्पतिज रंगांची जागा जर्मनीहून येणारे रासायनिक रंग घेत होते. आपला रंगारी हे नवे रंग वापरायला शिकला नाही, तर त्याचा धंदा बुडणार हे गज्जरांनी ओळखले. म्हणून जर्मन तज्ज्ञांना बडोद्यास आणून रंगकामाचे शिक्षण देण्याची व्यवस्था करण्यात आली. सरकारने येथे कापड रंगविण्याचा कारखाना काढला नाही. रंगाऱ्याला नवे रसायन हाताळायला शिकविले. पहिल्या प्रयोगातील आणि या प्रयोगातील हा फरक तुम्ही अधोरेखित करून ठेवावा.

कलाभवनाचा एक विद्यार्थी तुमच्या परिचयाचा आहे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, काही काळ येथे शिकले आणि छायाचित्रणाशी त्यांचा संबंध बडोद्यातच जडला. १९१३ मध्ये त्यांनी पडद्यावर आणलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट एका नव्या धंद्याचा आरंभ ठरला. कलाभवन स्थापन करणाऱ्यांच्या मनात चित्रपट हा शब्दही नसेल. शिक्षणावर केलेल्या खर्चाचे फळ नेमके कोठे आणि कधी येईल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळेच खासगी सावकार असा खर्च करायला धजत नाही आणि तो भार शासनाला उचलावा लागतो.

गज्जरांनी काही वर्षांनी बडोदे सोडले व ते मुंबईस गेले. तेथे त्यांनी रसायनाचे शिक्षण आणि प्रयोगशाळा यांत स्वतःला वाहून घेतले. त्यांच्या सहकार्याने त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये बडोद्यात अॅलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी केली. औषधी अर्क आणि रसायने बनविणारा हा कारखाना देशातील आद्य औषधनिर्मिती उद्योगांपैकी एक होय. गणदेवीचा सरकारी कारखाना बंद पडला. परंतु बडोद्यात शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या शिष्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलेला हा कारखाना टिकला आणि वाढला.

५. भाषेचा प्रश्न

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी या चरित्रातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग येथे येतो. कलाभवनाचे शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे? इंग्रजीतून दिले तर विणकर, सुतार, रंगारी यांची मुले दारातूनच परत गेली असती. म्हणून ते मुख्यतः गुजरातीतून दिले जावे असे ठरले. पण मग पुस्तके कोठून आणायची? आम्ल, विरंजक, दातेरी चाक, दाब, कर्षण या संकल्पनांना शब्द कोठून आणायचे? गज्जरांनी तंत्रविषयक ग्रंथ देशी भाषेत तयार करण्याची योजना आखली आणि सयाजीरावांनी त्यासाठी ५० हजार रुपये मंजूर केले. रंगविद्येला वाहिलेले एक नियतकालिकही निघाले.

आर्थिक नवप्रवर्तनाची चर्चा करताना आपण यंत्र, भांडवल, बाजारपेठ यांचा विचार करतो. भाषेचा सहसा करीत नाही. वास्तविक नवे तंत्र हे प्रथम शब्दांच्या रूपाने येते. कारागिराच्या तोंडी त्याला नाव मिळत नाही तोवर ते परकेच राहते, आणि परकी गोष्ट माणूस वापरतो पण तिच्यात सुधारणा करू धजत नाही. कारागिराच्या भाषेत शास्त्र आणणे हा सयाजीरावांच्या कारकिर्दीतील औद्योगिक धोरणाचाच एक भाग होता, असे म्हणण्यास आधार आहे.

हा विचार त्यांनी पुढेही सोडला नाही. १९१२ मध्ये देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढण्यात आला आणि त्याच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमाला चालविली गेली. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत. स्वतंत्र भारतात परिभाषा समित्या स्थापन होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे. १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांना देण्यात आले, ते केवळ राजाचा मान म्हणून नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

स्वयं-अध्ययन : २
तुमच्या स्वतःच्या व्यवसायातील किंवा घरच्या धंद्यातील दहा तांत्रिक शब्द लिहा. त्यांपैकी मराठी किती, परभाषेतून आलेले पण रुळलेले किती आणि अर्थ नीट न समजता वापरले जाणारे किती, याची विभागणी करा.

६. भांडवलाची सोय : बँक ऑफ बडोदा

कौशल्य आले, भाषा आली. तरी पैशाचा प्रश्न उरतो. गुजरातेत धनिक नव्हते असे नाही. परंतु पैसा सोन्यात, जमिनीत आणि पारंपरिक सावकारीत गुंतलेला होता. नवा धंदा काढू पाहणाऱ्या, पण तारण देऊ न शकणाऱ्या माणसाला पेढीवर उभे केले जात नसे.

या बाबतीत सयाजीरावांनी दोन दिशांनी पावले उचलली. पहिली दिशा अडथळे दूर करण्याची होती. प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्त यांना त्यांनी १९०४ मध्ये राज्याच्या सेवेत घेतले. दत्तांच्या कारकिर्दीत व्यापाराला जाचक ठरणाऱ्या जकाती आणि किरकोळ कर कमी करण्यात आले. दुसरी दिशा संस्था उभारण्याची. १९०६ च्या अमेरिका प्रवासात महाराजांनी तेथील शाळा, कारखाने व बँका पाहिल्या. राल्फ व्हाइटनॅक नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला आर्थिक सल्लागार म्हणून बडोद्यात आणण्यात आले. यातून २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली.

या बँकेची रचना काळजीपूर्वक पाहा. ती सरकारी खात्याचा भाग नव्हती. बडोदे राज्याच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली नोंदलेली ती भागधारकांची संस्था होती आणि तिचे वसूल भांडवल १० लाख रुपये होते. संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास, तुळसीदास किलाचंद अशा जाणत्या मंडळींचा तिच्या उभारणीत हात होता. राज्याने बँकेला पाठबळ दिले आणि आपला पैसा तिच्याकडे ठेवला; रोजचा व्यवहार मात्र व्यापार जाणणाऱ्यांकडे सोपविला. सरकारी गिरणीच्या अनुभवानंतर आलेले हे शहाणपण होते. १९१३ पासून देशात बँका बुडण्याची लाट आली. मुंबईची इंडियन स्पेसी बँक आणि लाहोरची पीपल्स बँक यांसारख्या मोठ्या पेढ्या कोसळल्या. त्या लाटेत बँक ऑफ बडोदा तरली.

७. खेड्यापर्यंत पोहोचलेली विद्या

उद्योगाची चर्चा शहरापुरती राहू नये यासाठी आता खेड्याकडे वळू. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू झाला. मुलींनाही ही सक्ती होती. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक अजून यायचे होते आणि आल्यावर ते फेटाळले जायचे होते.

परंतु शाळा सोडलेला मुलगा पाच-सात वर्षांत वाचणे विसरला तर काय उपयोग? या विचारातून ग्रंथालयांची योजना निघाली. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन यांना बडोद्यात आणण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि दूरच्या गावांसाठी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असल्यास खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी, एक स्थानिक पंचायतीने आणि एक सरकारने उचलावा, असा नियम होता. सरकारचा पैसा गावाच्या पैशामागून जाई, पुढे नव्हे. गावाने स्वतः वर्गणी दिलेली असल्यामुळे ते ग्रंथालय गावाला आपले वाटत असे.

तुम्ही स्वतः दिवसाचे काम आटोपून, घरी पाठविलेली ही पुस्तिका वाचत आहात. शिकणाऱ्याने विद्येकडे जाण्याऐवजी विद्येनेच शिकणाऱ्याच्या दाराशी यावे, ही मुक्त विद्यापीठामागील कल्पना बडोद्याच्या त्या लाकडी पेट्यांतही होती.

८. मर्यादा

चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. म्हणून या कार्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा परसत्तेची. बडोदे स्वतंत्र नव्हते. रेल्वे, मीठ, बंदरे, जकात या प्रत्येक बाबतीत इंग्रज सरकारशी झालेले करार आड येत. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटांपुढे सयाजीरावांनी केलेल्या मुजऱ्यात अनादर झाल्याचा गवगवा झाला आणि त्यांच्यावरील संशय वाढला. ओखा बंदर सुरू व्हायला १९२६ साल उजाडले.

दुसरी मर्यादा सत्तेच्या स्वरूपाची. सर्व सुधारणांचा उगम एका व्यक्तीच्या इच्छेत होता. धारासभा स्थापन झाली, पण तिचे अधिकार मर्यादित होते. राजवाड्यांवरील खर्च आणि महाराजांचे दीर्घ परदेशवास यांवर त्या काळीही टीका झाली. राजा चांगला असेल तर धोरण चांगले, ही व्यवस्था प्रजेच्या हाती काहीच ठेवत नाही.

तिसरी मर्यादा अधिक वेदनादायक आहे. १९१३ मध्ये बडोदे राज्याने भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन, करारानुसार राज्याची सेवा करण्यासाठी, ते १९१७ मध्ये बडोद्यास आले. राज्याच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशी वसतिगृहात आश्रय घ्यावा लागला, तेथूनही त्यांना हाकलून देण्यात आले. कचेरीतील शिपाईसुद्धा विटाळ होईल म्हणून कागद लांबून टाकीत. काही दिवसांतच देशातील एका असाधारण अर्थशास्त्रज्ञाला बडोदे सोडावे लागले.

या प्रसंगावर थोडे थांबून विचार करा. राजाने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्ती दिली होती, नेमणूकही दिली होती. शासनाच्या हाती होते ते बरेचसे केले गेले होते. पण शासन म्हणजे केवळ राजाचा हुकूम नव्हे. तो हुकूम अमलात आणणारे कारकून, शिपाई आणि शहरातील घरमालकही त्यात येतात. एका माणसाच्या शिक्षणावर राज्याने खर्च केलेला पैसा समाजाच्या जातिभेदाने त्या राज्यापुरता वाया घालविला. समाज न बदलता केवळ अर्थव्यवस्था बदलू पाहणाऱ्या शासनाच्या वाट्याला हेच येते.

स्वयं-अध्ययन : ३
वरील तीन मर्यादांपैकी कोणती मर्यादा शासनाला स्वतःच्या बळावर दूर करता आली असती? तुमचे मत कारणांसह मांडा.

९. अखेर आणि मूल्यमापन

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. त्याच वर्षी ओखामंडळातील मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. कलाभवन पुढे त्या विद्यापीठाची तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखा झाले. बँक ऑफ बडोदाचे १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. राज्य गेले, राजा गेला. शाळा, बँक, ग्रंथालय आणि कोश मात्र राहिले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बडोद्याच्या अनुभवावरून काय म्हणता येते? सरकारने स्वतः कारखानदार होण्याचा प्रयत्न केला तेथे त्याच्या पदरी फारसे यश आले नाही. मात्र सरकार बाजूला उभे राहिले असते तर कलाभवन निघाले नसते, तंत्रविषयक पुस्तके निघाली नसती, आणि शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत कोणी बसविले नसते. ज्या कामाचा लाभ सर्वांना मिळतो आणि म्हणून ज्याचा खर्च कोणी एकटा करीत नाही, ते काम शासनाने हाती घेतले तेव्हा ते टिकले. याचा अर्थ सरकारी कारखाना सर्वत्र आणि सर्वकाळ फसतोच असा घेऊ नये. एका संस्थानाच्या अनुभवावरून इतका व्यापक निष्कर्ष काढणे अभ्यासकाला शोभणार नाही. परंतु कोणत्याही सरकारी योजनेकडे पाहताना, या खर्चानंतर लोकांच्या हाती कोणते नवे सामर्थ्य उरणार आहे, असा प्रश्न विचारण्याची सवय हे चरित्र आपल्याला लावते.

सारांश

कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीरावांनी प्रथम सरकारी कारखान्यांचा मार्ग अनुसरला. त्यातील अपयश ओळखून तंत्रशिक्षण, लोकभाषेतील शास्त्र, भांडवल पुरविणारी बँक, सक्तीचे शिक्षण आणि ग्रंथालये यांवर त्यांनी भर दिला. परसत्ता, व्यक्तिकेंद्रित राजसत्ता आणि जातिभेद या त्यांच्या कार्याच्या मर्यादा होत. शासनाने उद्योगाला लागणारी सामायिक साधने निर्माण करावीत, हा या अनुभवातील मुख्य बोध होय.

स्वाध्याय

१. सयाजीरावांच्या औद्योगिक धोरणात झालेला बदल सोदाहरण स्पष्ट करा.
२. कलाभवनातील शिक्षणमाध्यमाचा निर्णय आर्थिकदृष्ट्या का महत्त्वाचा होता, ते लिहा.
३. बँक ऑफ बडोदाच्या रचनेत शासन आणि व्यापारी यांच्यातील कामाची वाटणी कशी होती?
४. डॉ. आंबेडकरांच्या १९१७ मधील बडोद्यातील अनुभवावरून शासकीय सुधारणांच्या मर्यादा विशद करा.
५. तुमच्या परिसरातील एखादी जुनी शाळा, ग्रंथालय किंवा पतसंस्था निवडा. ती कोणाच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिच्यामुळे गावातील धंद्यांत कोणता बदल झाला, याची जुन्या माणसांना विचारून माहिती मिळवा व सुमारे ३०० शब्दांत तिचे चरित्र लिहा.